घरच्या अलार्मला बिनतारी रिसीव्हर जोडताना : जागा, वायरिंग आणि चाचणी

नाशिकमध्ये इंदिरानगर, पाथर्डी फाटा किंवा गंगापूर रोडकडच्या अनेक रो-हाऊसमध्ये आणि बंगल्यांमध्ये काही वर्षांपूर्वी बसवलेली तारेची अलार्म यंत्रणा अजून चालू स्थितीत असते. जिन्याखाली लोखंडी पेटीत पॅनेल, दाराजवळ कीपॅड, पुढच्या-मागच्या दारांना चुंबकीय सेन्सर आणि पोर्चच्या छताखाली हूटर, असा तिचा ठरलेला पसारा असतो. पुढे घरावर एक मजला चढतो, गच्चीत खोली निघते, मागच्या अंगणाला दार पडते, आणि ही नवी दारे-खिडक्या अलार्मच्या बाहेरच राहतात. रंगकाम आणि पीओपी झालेल्या भिंती फोडून वायर ओढायला घरात कोणी तयार होत नाही, आणि त्यात त्यांची चूकही नसते. जुने पॅनेल चांगले असेल, तर त्याला बिनतारी रिसीव्हर जोडून नव्या जागी बॅटरीवर चालणारे सेन्सर लावणे हा सर्वांत कमी तोडफोडीचा मार्ग आहे.

मात्र या कामाचा स्वभाव आधी समजून घ्यावा. तारेच्या झोनमध्ये, म्हणजे पॅनेलला एका क्रमांकाने कळणाऱ्या एका दाराच्या किंवा खोलीच्या वायरीत, वायर तुटली तर पॅनेलला त्याच क्षणी कळते, कारण वायरच्या टोकाला लावलेल्या रेझिस्टरमधून वाहणारा प्रवाह थांबतो. बिनतारी सेन्सर दिवसातला बहुतेक वेळ गप्प असतो. त्याच्या या शांततेचा अर्थ ‘दार बंद आहे’ असा असू शकतो, तसाच ‘माझी बॅटरी परवाच संपली’ असाही असू शकतो. शिवाय स्वस्त यंत्रणांमधला सेन्सर केवळ बोलतो, ऐकत नाही. आपला संदेश पोहोचला की नाही हे कळण्याचे साधन त्याच्याकडे नसल्यामुळे तो एकच संदेश काही वेळा पाठोपाठ सोडतो आणि पुन्हा झोपी जातो. म्हणून वायर जोडायला तासभर पुरत असला, तरी जागा निवडणे आणि चाचणी यांसाठी सुट्टीचा एक अख्खा दिवस राखून ठेवावा. खाली दिलेली प्रत्येक चाचणी शेवटी या दोन प्रकारच्या शांतता वेगळ्या ओळखण्यासाठीच आहे.

विकत घेण्यापूर्वी

रिसीव्हर साधारणपणे दोन प्रकारे जुन्या पॅनेलला जोडता येतो. पॅनेल ज्या कंपनीचे आहे तिचाच रिसीव्हर मिळत असेल, तर तो कीपॅडच्याच चार तारांवर म्हणजे बसवर बसतो, आणि प्रत्येक सेन्सरचे नाव, बॅटरी, छेडछाड हे सारे पॅनेलला वेगवेगळे कळते. तसा मिळत नसेल, तर रिले, म्हणजे विजेने उघडबंद होणारा स्विच, असलेला स्वतंत्र रिसीव्हर घ्यावा लागतो. तो पॅनेलच्या रिकाम्या तारेच्या झोनला जोडला जातो आणि पॅनेलला त्याच्याकडून फक्त ‘उघडले’ किंवा ‘बंद’ एवढेच समजते. परवडत असेल तर पहिलाच प्रकार घ्यावा, असे माझे स्पष्ट मत आहे, कारण दुसऱ्या प्रकारात चार सेन्सर एका रिलेवर बांधले गेले की रात्री दोन वाजता नेमके कोणते दार उघडले हे शोधत घरभर फिरावे लागते.

रिसीव्हर आणि सेन्सर यांची वारंवारता एकच असावी लागते. आपल्याकडे बाजारात येणारे बहुतेक संच ४३३.९२ मेगाहर्ट्झवर चालतात, तर काही चांगले संच ८६५ ते ८६८ मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात चालतात. ठरावीक कमी शक्तीच्या उपकरणांसाठी हे दोन्ही पट्टे भारतात परवानामुक्त आहेत. अमेरिकेतल्या नातेवाइकाने प्रेमाने आणून दिलेला संच ३१५, ३४५ किंवा ९१५ मेगाहर्ट्झचा असण्याची शक्यता मोठी असते; तो या पट्ट्यांत बसत नाही, त्याचे सेन्सर इथे मिळत नाहीत, आणि ९१५ च्या आसपास तर मोबाइल फोनचीच वर्दळ असते. असा संच कितीही महाग असला तरी तो बाजूला ठेवावा. वारंवारता जुळली म्हणजे भाषाही जुळली, असेही समजू नये. दोन कंपन्यांचे ४३३ मेगाहर्ट्झचे सेन्सर एकाच गावात राहूनही एकमेकांशी न बोलणाऱ्या भावकीसारखे असू शकतात.

सेन्सर पाठवतो त्या संकेताचा, म्हणजे कोडचा, प्रकारही विचारून घ्यावा. पीटी २२६२ या जुन्या चिपवर आठ पिना प्रत्येकी तीन स्थितींत ठेवून संकेत ठरवला जातो, म्हणजे एकूण ६,५६१ पर्याय मिळतात. ईव्ही १५२७ या चिपमध्ये तोच आकडा दहा लाखांच्या थोडा वर जातो. पण दोन्हींमध्ये संकेत कायम तोच राहतो, आणि जो एकदा हवेतून टिपता येतो तो पुन्हा सोडताही येतो. दाराच्या सेन्सरला हे एक वेळ चालेल, कारण खोटा संकेत सोडून चोर फार तर अलार्म वाजवेल. अलार्म बंद करणारा रिमोट मात्र दर वेळी संकेत बदलणाऱ्या, म्हणजे रोलिंग कोडच्याच जातीचा असावा. तसा नसेल, तर रिमोट वापरूच नये आणि कीपॅडवर आकडे दाबण्याची सवय ठेवावी.

रिसीव्हरची जागा

रिसीव्हर पॅनेलच्या लोखंडी पेटीत बसवण्याचा मोह टाळावा. वायर कमी लागते, दिसायला नीट दिसते, म्हणून कारागीर तिथेच बसवून मोकळे होतात. आमच्या स्वतःच्या घरी हेच झाले होते. पेटीचे झाकण उघडे ठेवून घेतलेल्या चाचणीत सारे सेन्सर ऐकू आले; संध्याकाळी झाकण लावल्यावर आणि मागचे पोलादी सेफ्टी डोअर ओढून घेतल्यावर मागच्या खोलीचा सेन्सर गप्प झाला, आणि ते कळायला आम्हाला बरेच दिवस लागले, कारण गप्प असणे हेच त्याचे नेहमीचे काम होते.

रिसीव्हर घराच्या मध्यभागी आणि उंचावर हवा. तळमजला अधिक एक मजला अशा रो-हाऊसमध्ये जिन्याचे मधले लँडिंग ही सहसा सर्वांत चांगली जागा ठरते, कारण जिन्यापाशी स्लॅब मोकळा असतो आणि लहरींना वर-खाली जायला वाट मिळते. स्लॅबमधल्या सळयांची जाळी लहरी बऱ्यापैकी अडवते. विटांची नऊ इंची भिंत त्या मानाने बरी. पंचवटी किंवा जुन्या नाशकातल्या वाड्यात हिशेब निराळा असतो: तिथल्या लाकडी तुळया आणि फळ्यांचे माळे लहरींना फारसे अडवत नाहीत, पण दगड-मातीच्या दीड-दोन फुटी भिंती, त्यातही पावसाळ्यात ओल धरलेल्या, त्यांना चांगल्याच शोषतात. म्हणून वाड्यात रिसीव्हर चौकाकडे तोंड करून माळ्यावर ठेवून पाहावा. दिंडोरी-ओझरकडच्या मळ्यातल्या बंगल्यात अडचण येते ती पत्र्याच्या शेडची. शेडच्या आतला सेन्सर घरापर्यंत पोहोचेल अशी आशा धरू नये. तिथे रिपीटर, म्हणजे संदेश ऐकून पुन्हा पुढे पाठवणारे यंत्र, लावावा किंवा सरळ जमिनीखालून वायर न्यावी.

लोखंडी कपाट, फ्रिज, इन्व्हर्टर, वाय-फाय राऊटर, टीव्हीचा सेट-टॉप बॉक्स आणि एलईडी दिव्यांचे ड्रायव्हर यांपासून रिसीव्हर दूर ठेवावा. किती दूर, याचा एक सोपा हिशेब आहे. ४३३.९२ मेगाहर्ट्झची तरंगलांबी सुमारे ६९ सेंटीमीटर असते. निदान तेवढे अंतर मोठ्या धातूच्या वस्तूपासून राहू द्यावे. अँटेनाची लांबीही याच हिशेबातून येते: तरंगलांबीचा चौथा भाग, म्हणजे ४३३ मेगाहर्ट्झसाठी सुमारे १७.३ सेंटीमीटर आणि ८६८ साठी सुमारे ८.६ सेंटीमीटर. अँटेना म्हणून नुसती तार दिलेली असते तेव्हा ती पेटीत मावत नाही म्हणून कापणारे किंवा गुंडाळी करून कोंबणारे लोक मी पाहिले आहेत. तार सरळ आणि उभी ठेवावी, तिला दुसऱ्या वायरबरोबर चिकटपट्टीने बांधू नये. बॉक्सवर लिहिलेला शंभर किंवा तीनशे मीटरचा पल्ला मोकळ्या मैदानातला असतो, हे लक्षात ठेवले म्हणजे पुढची निराशा टळते.

आधी टेबलावर

भिंतीला भोक पाडण्यापूर्वी सारी यंत्रणा टेबलावर मांडावी. रिसीव्हर हातभर वायरने पॅनेलला जोडावा, सगळे सेन्सर बॅटऱ्या घालून समोर ठेवावेत, एकेकाची नोंदणी करावी आणि त्याच वेळी प्रत्येकाच्या पाठीवर कायम शाईच्या पेनाने त्याचा क्रमांक व जागा लिहावी: ‘०९, वरची बाल्कनी’. हे काम टेबलावर वीस मिनिटांत होते. सेन्सर दारांवर चढल्यानंतर शिडीवर उभे राहून त्याच्या पाठीवरचा अनुक्रमांक वाचताना दुपार जाते. शिवाय सदोष वस्तू इथेच उघडी पडते आणि दुकानदाराकडे परत नेताना तिच्यावर स्क्रूचे ओरखडे नसतात.

नोंदणी दोन पद्धतींनी होते. एकीत सेन्सरवर छापलेला अनुक्रमांक कीपॅडवरून भरावा लागतो. दुसरीत रिसीव्हर ‘शिकण्याच्या’ स्थितीत ठेवून सेन्सर एकदा चालवला जातो. दुसरी पद्धत सोपी असली, तरी शेजारच्या रो-हाऊसमध्ये तशाच जातीचा संच असेल, तर त्या घरातले दार त्याच क्षणी उघडल्यास आपला रिसीव्हर त्यांचा सेन्सर शिकून बसतो. म्हणून नोंदणीनंतर प्रत्येक सेन्सर पुन्हा चालवून योग्य तोच झोन उघडतो ना, हे पाहावे.

नोंदणी करतानाच देखरेखीचा, म्हणजे सुपरव्हिजनचा पर्याय निवडायचा असतो. हा पर्याय चालू असला की सेन्सर ठरावीक काळाने ‘मी आहे’ असा संदेश पाठवत राहतो आणि तो बराच वेळ आला नाही तर पॅनेल तक्रार करते. शांततेचा अर्थ लावून देणारी ही एकमेव सोय असल्याने भिंतीवर, दारावर, खिडकीवर कायम राहणाऱ्या प्रत्येक सेन्सरला ती चालू ठेवावी. खिशातून फिरणाऱ्या रिमोटला मात्र ती बंद ठेवावी. नाहीतर घरातले कोणी रिमोट घेऊन सातपूरला कामावर गेले की दुपारपर्यंत पॅनेल ‘रिमोट हरवला’ अशी ओरड सुरू करते. ज्या संचात ही सोयच नाही, तो घेऊ नये.

वायरिंग

कामाला हात लावण्यापूर्वी पॅनेलचा वीजपुरवठा एमसीबीवरून बंद करावा आणि आतल्या बॅटरीची लाल तारही काढावी. फक्त वीज बंद करून भागत नाही, कारण बॅटरीवर पॅनेल जिवंतच राहते आणि एखादी तार पेटीला टेकली तर फ्यूज उडतो किंवा बसचे सर्किट जळते. २३० व्होल्टच्या बाजूला हात घालावा लागणार असेल, तर ते काम परवानाधारक वायरमनकडूनच करून घ्यावे. आपले काम १२ व्होल्टच्या बाजूचे आहे.

रिसीव्हरला किती प्रवाह लागतो आणि पॅनेल किती देऊ शकते, याची बेरीज कागदावर करावी. कीपॅड, जुने पीआयआर (हालचाल ओळखणारे) सेन्सर आणि नवा रिसीव्हर यांची एकूण गरज पॅनेलच्या पुस्तिकेत दिलेल्या मर्यादेच्या बरीच आत असावी. हीच बेरीज बॅटरीलाही लागू होते. ७ अँपिअर-तासांची बॅटरी आणि २५० मिलिअँपिअरचा एकूण भार असेल, तर गणिताने २८ तास मिळतात. बॅटरी दोन-तीन वर्षे जुनी असेल तर त्यातले बरेच कमी धरावे. मे महिन्याच्या शेवटी वळवाच्या पावसात झाड तारेवर पडून महावितरणचा पुरवठा रात्रभर गेला, तर हाच आकडा कामी येतो.

जिन्याच्या लँडिंगपर्यंत पंधरा मीटर वायर जात असेल, तर चार तारांची तांब्याची अलार्म केबल पुरते. ०.२२ चौरस मिलिमीटरच्या तारेत जाऊन-येऊन तीस मीटरला सुमारे अडीच ओहम रोध येतो, आणि १०० मिलिअँपिअर प्रवाहाला पाव व्होल्ट खर्ची पडतो, एवढे चालते. तांब्याचा नुसता मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची केबल स्वस्त मिळते. तिचा रोध जास्त असतो आणि टर्मिनलखाली तिची टोके तुटतात, म्हणून ती घेऊ नये. केबल २३० व्होल्टच्या वायरसोबत एकाच पाइपातून नेऊ नये. वेगळी केसिंग-कॅपिंग पट्टी लावावी.

बसवर बसणाऱ्या रिसीव्हरला चार टर्मिनल असतात: दोन विजेचे, दोन माहितीचे. लाल अधिक आणि काळा उणे हे बहुधा ठरलेले असते, पण हिरवा आणि पिवळा यांचे काम कंपनीप्रमाणे बदलते, त्यामुळे रंगावर विसंबू नये. पॅनेलच्या टर्मिनलवरचे अक्षर आणि रिसीव्हरच्या टर्मिनलवरचे अक्षर जुळवावे.

रिलेच्या रिसीव्हरची जोडणी जास्त काळजीने करावी लागते. रिलेला सामाईक (COM), साधारण बंद (NC) आणि साधारण उघडा (NO) असे तीन बिंदू असतात. झोनची एक तार सामाईक बिंदूला आणि दुसरी साधारण बंद बिंदूला जावी, आणि टोकाचा रेझिस्टर याच मालिकेत रिसीव्हरच्या बाजूला बसवावा. पुष्कळ जण तो रेझिस्टर पॅनेलच्या टर्मिनलवरच लावतात. मग मधली वायर कुठेही एकमेकींना चिकटली तरी पॅनेलला झोन बंदच दिसतो. रेझिस्टरचे मूल्य पॅनेलप्रमाणे बदलते, म्हणून जुन्या झोनवर जो आहे तोच घ्यावा. जोडणी झाल्यावर झोनच्या दोन्ही तारा पॅनेलमधून सुट्या ठेवून रिसीव्हरला वीज द्यावी आणि मल्टीमीटरने ओहम मोजावेत. सर्व सेन्सर बंद असताना रेझिस्टरचे मूल्य दिसले पाहिजे आणि एखादा सेन्सर उघडताच मीटरने अनंत रोध दाखवला पाहिजे. यानंतर रिसीव्हरची वीज मुद्दाम काढून पाहावी. वीज गेल्यावरही मीटर रेझिस्टरचेच मूल्य दाखवत राहिला, तर याचा अर्थ रिसीव्हर मेला तरी पॅनेल निश्चिंत राहणार. अशा वेळी रिसीव्हरवर बिघाडाचा वेगळा रिले असल्यास तो चोवीस तासांच्या झोनला, म्हणजे अलार्म चालू केलेला नसतानाही जागा राहणाऱ्या झोनला, जोडावा. नसल्यास जंपर, म्हणजे बोर्डावरची काढता-घालता येणारी छोटी जोडणी, बदलून रिले नेहमी ओढलेला आणि वीज गेल्यावर सुटणारा अशा स्थितीत आणता येतो का, ते पुस्तिकेत पाहावे. रिसीव्हरच्या झाकणाखालचा, झाकण उघडल्यास छेडछाड कळवणारा टँपर स्विचही चोवीस तासांच्या झोनलाच द्यावा.

सिग्नलची चाचणी

रिसीव्हर अजून भिंतीला पक्का करू नये. लँडिंगवर दुहेरी चिकटपट्टीने तात्पुरता लावून वीज चालू करावी आणि पॅनेल चाचणीच्या स्थितीत ठेवावे, म्हणजे हूटर न वाजता कीपॅड फक्त टुण् असा आवाज करतो. घरात नेहमी जे जे चालू असते ते सर्व चालू ठेवावे: फ्रिज, इन्व्हर्टर, दिवे, टीव्ही. सर्व दारे, सेफ्टी डोअर आणि असल्यास शटरही बंद करावे. पोर्चमध्ये रात्री गाडी उभी राहत असेल, तर चाचणीच्या वेळीही ती तिथेच असावी. घर रात्री जसे असते तसेच चाचणीच्या वेळी असले पाहिजे, कारण चोर दारे-खिडक्या उघड्या टाकून येणाऱ्या पाहुण्यांसारखा दुपारी येत नाही.

एकाने कीपॅडजवळ बसावे आणि दुसऱ्याने सेन्सर घेऊन जागोजागी जावे. सेन्सर हातात धरून चाचणी घेऊ नये. हाताच्या स्पर्शाने अँटेनाचे वागणे बदलते. तो नेमका जिथे बसणार आहे तिथे चिकटपट्टीने लावावा, बाजूला व्हावे आणि दहा वेळा चालवावा. दहापैकी दहा वेळा कीपॅड वाजला तरच ती जागा उत्तीर्ण. नऊ वेळा वाजला तर ‘चालेल’ म्हणू नये, कारण आज कोरड्या भिंतींत नऊ मिळणारे ऑगस्टच्या ओलीत त्याहून कमी मिळू शकतात.

दहापैकी दहा मिळाले तरी राखीव किती आहे, हे कळत नाही. काही पॅनेल चाचणीच्या वेळी रिसीव्हरची संवेदनशीलता मुद्दाम कमी करतात. त्या स्थितीत ऐकू आले म्हणजे नेहमीच्या स्थितीत नक्की ऐकू येईल, असा त्यामागचा हिशेब असतो. काही पॅनेल सिग्नलचा जोर डीबीएम या एककात दाखवतात. हा आकडा उणे असतो आणि शून्याकडे जितका जवळ तितका चांगला. उणे ७० उत्तम आणि उणे १०० काठावरचा. आजूबाजूचा गोंगाट दाखवणारा आकडाही मिळत असेल, तर सेन्सर त्याच्या किमान १० डीबी वर असावा, असे मी धरतो. यातले काहीच नसेल, तर गावठी पण उपयोगी उपाय करावा: सेन्सर ठरलेल्या जागेहून आणखी दोन-तीन मीटर पलीकडे न्यावा किंवा लोखंडी कपाटाच्या आड धरावा. तिथूनही दहापैकी आठ-नऊ मिळाले, तर मूळ जागा भरवशाची आहे.

एखाद्या जागी सिग्नल अगदीच कमी दिसला, तर हताश होऊन रिपीटर विकत आणण्यापूर्वी सेन्सर वीतभर सरकवून पाहावा. भिंतींवरून परावर्तित झालेल्या लहरी काही ठिकाणी एकमेकींना मारक ठरतात आणि ती मृत जागा पाव तरंगलांबीने, म्हणजे १७ सेंटीमीटरच्या आसपास सरकल्यावर संपू शकते. दाराच्या चौकटीवर उजवीकडे न चालणारा सेन्सर डावीकडे व्यवस्थित चालताना मी अनेकदा पाहिला आहे. तेवढ्यानेही भागले नाही तर रिसीव्हर हलवावा आणि सगळ्या जागा पुन्हा पहिल्यापासून तपासाव्यात. यात कंटाळा येतो, पण भिंतीला भोक अजून पडलेले नसते, हाच तर फायदा.

जागा ठरली की स्क्रू आणि गट्टी लावून रिसीव्हर पक्का करावा आणि पुन्हा एकदा, निदान सर्वांत दूरच्या दोन सेन्सरची, चाचणी घ्यावी.

सेन्सर बसवताना

चुंबकीय सेन्सरमध्ये दार बंद असताना चुंबक आणि रीड स्विच (चुंबक जवळ आला की चालणारा स्विच) यांच्यातील अंतर सुमारे एक सेंटीमीटरच्या आत असावे. जुन्या सागवानी दारांना पावसाळ्यात फुगण्याची सवय असते. त्र्यंबकेश्वरकडून येणाऱ्या जुलैच्या झडीत जे दार खांद्याने ढकलून लावावे लागते, तेच मार्चमध्ये चौकटीत सैल बसते. म्हणून उन्हाळ्यात सेन्सर बसवताना चुंबक घासणार नाही एवढी जागा सोडावी. लोखंडी दारावर चुंबक थेट लावला तर त्याचे क्षेत्र लोखंडातच पसरते, त्यामुळे मध्ये प्लॅस्टिकचा किंवा लाकडाचा तुकडा घालावा. सेन्सरची ट्रान्समीटरची बाजू तर लोखंडी ग्रिलवर मुळीच लावू नये.

पीआयआर सेन्सर सात ते आठ फुटांवर, खिडकीकडे आणि सकाळच्या उन्हाकडे पाठ करून बसवावा. पावसाळा संपता संपता ट्यूबलाइटभोवती किडे जमतात आणि त्यांच्यामागे पाली येतात. सेन्सरच्या भिंगावरून फिरणारी एक पाल सारी गल्ली जागी करू शकते. मागच्या केबलच्या भोकाला पुट्टीने बुजवणे आणि सेन्सर दिव्यापासून लांब ठेवणे एवढे केले तरी पुष्कळ फरक पडतो.

पीआयआरच्या चाचणीत एक गोष्ट हमखास फसवते. बॅटरी वाचवण्यासाठी हे सेन्सर एकदा संदेश पाठवला की पुढची दोन-तीन मिनिटे गप्प राहतात, आणि त्या काळात कोणी हालचाल केली तर वेळ पुन्हा पहिल्यापासून मोजतात. खोलीत हात हलवत उभे राहून ‘हा बिघडला’ असे म्हणणाऱ्या माणसासमोर सेन्सर बिचारा नियमाप्रमाणेच वागत असतो. सेन्सरवर चाचणीचे बटण असल्यास ते वापरावे. नसल्यास खोली बंद करून तीन-चार मिनिटे बाहेर थांबावे आणि मगच आत जावे.

बिघाडाची चाचणी

यापुढचा भाग बहुतेक कारागीर वगळतात. एका सेन्सरचे झाकण उघडावे. पॅनेलने लगेच छेडछाड दाखवावी. मग त्याची बॅटरी काढून ठेवून द्यावी आणि घड्याळात वेळ लिहून ठेवावी. देखरेखीच्या ठरलेल्या मुदतीत पॅनेलने तो हरवल्याचे सांगितले पाहिजे. ही मुदत काही तासांची असू शकते, म्हणून ही चाचणी सकाळी सुरू करून दिवसभर इतर कामे करावीत. रिसीव्हरच्या बसची एक माहितीची तार सोडून पाहावी. कीपॅडवर मॉड्यूल तुटल्याचा इशारा आलाच पाहिजे. नंतर तार पुन्हा जोडावी आणि इशारा आपोआप जातो का, हेही पाहावे.

त्यानंतर एमसीबी पाडून यंत्रणा फक्त बॅटरीवर तासभर चालवावी आणि त्या स्थितीत दूरचे सेन्सर पुन्हा चालवावेत. चार्जर चालू असताना बॅटरीच्या टोकांवर साधारण १३.५ ते १३.८ व्होल्ट दिसतात; वीज गेल्यावर ते खाली येतात, पण तासाभरातच १२ च्या खाली घसरले तर बॅटरी बदलावी. लहरी दाबून टाकणारा जॅमर आणून प्रयोग करण्याचा उत्साह कोणी दाखवू नये. असे उपकरण बाळगणे आणि वापरणे बेकायदा आहे. पॅनेलमध्ये जॅमिंग ओळखण्याची सोय असेल तर ती चालू आहे, एवढे पाहिले की पुरे.

शेवटी खरी तालीम करावी. शेजाऱ्यांना आधी सांगावे, आणि अलार्मचा फोन ज्यांना जातो त्या सर्वांनाही कळवावे, म्हणजे कोणी घाबरून ११२ वर फोन करणार नाही. यंत्रणा चालू करून घराबाहेर पडावे, निघण्याची मुदत संपू द्यावी, मग प्रत्येक नवे दार एकेक करून उघडावे आणि हूटर, कीपॅडवरचा झोन क्रमांक व मोबाइलवरचा संदेश या तिन्ही गोष्टी तपासाव्यात. आत येण्याची मुदत ठरवताना घरातल्या सर्वांत सावकाश चालणाऱ्या माणसाचा विचार करावा. आजींना कुलूप काढून, चप्पल ठेवून, चष्मा शोधून आकडे दाबायला तीस सेकंद पुरत नाहीत, पंचेचाळीस द्यावेत. मागच्या अंगणाच्या दाराला आणि गच्चीच्या दाराला मात्र मुदत देऊच नये, ती दारे तत्काळ वाजणारी ठेवावीत.

नोंदवही

प्रत्येक सेन्सरचा क्रमांक, जागा, चाचणीतला गुण किंवा डीबीएमचा आकडा आणि तारीख एका वहीत लिहून ती पॅनेलजवळ ठेवावी. घराचा गुप्त क्रमांक मात्र तिच्यात लिहू नये. महिन्यातून एकदा सर्व दारे चाचणीच्या स्थितीत उघडून-लावून पाहावीत आणि तेव्हाचा आकडा पहिल्या आकड्याशी ताडून पाहावा. एखाद्या सेन्सरचा आकडा हळूहळू खाली येत असेल, तर बॅटरी उतरत आहे. सगळ्यांचाच एकदम खाली आला असेल, तर रिसीव्हरजवळ काहीतरी बदलले आहे. बहुधा त्या महिन्यात लँडिंगवर नवे लोखंडी कपाट किंवा नवा इन्व्हर्टर आलेला असतो. निफाडकडच्या कडाक्याच्या थंडीत, जानेवारीच्या पहाटे, अर्धवट संपलेल्या बॅटऱ्या सर्वांत आधी हात टेकतात, म्हणून त्या डिसेंबरमध्येच पाहून घ्याव्यात. बॅटरी बदलताना सेन्सरला जे मॉडेल सांगितले आहे तेच घालावे, झाकणाच्या आतल्या बाजूला तारीख लिहावी, आणि झाकण लावल्यावर त्या सेन्सरची दहा वेळांची चाचणी पुन्हा घ्यावी.